सोलापूर जिल्ह्यातील श्रमिक दारिद्र्य

श्रमिक दारिद्र्य म्हणजे घरातील एक किंवा अधिक व्यक्ती नियमितपणे काम करीत असूनही त्या कुटुंबाला अन्न, निवारा, औषधोपचार व शिक्षण या मूलभूत गरजा मिळकतीतून भागवता न येण्याची स्थिती होय. बेकारीतून उद्भवणाऱ्या दारिद्र्यापेक्षा ही स्थिती निराळी आहे. येथे काम असते, बहुधा कष्टाचे व दीर्घ तासांचे असते. परंतु मिळणारे वेतन आणि जगण्याचा खर्च यांचा मेळ बसत नाही. महाराष्ट्राच्या सोलापूर जिल्ह्यात या दारिद्र्याची तीन रूपे विशेषत्वाने दिसतात : सोलापूर शहरात घरी बसून विड्या वळणाऱ्या महिलांची कुटुंबे, जिल्ह्यातील साखर कारखान्यांसाठी ऊसतोडणी करणारी जोडपी आणि करमाळा तालुक्यातील केमसारख्या गावांत छोटे उद्योग व शेतमजुरी यांवर गुजराण करणारी कुटुंबे.

संकल्पना

मराठीत अशा कुटुंबांसाठी ‘हातावर पोट असणारे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. त्यातून रोजच्या कमाईवर रोजचे जेवण अवलंबून असल्याचे सूचित होते. तथापि श्रमिक दारिद्र्याची व्याप्ती याहून मोठी आहे. दोन वेळचे जेवण कसेबसे मिळते, पण आजारपण, शाळेची फी किंवा गळके छप्पर यांपैकी एखादा खर्च उद्भवताच कर्ज काढावे लागते, अशी कुटुंबेही तीत मोडतात. शासकीय व्याख्येनुसार यांतील अनेक कुटुंबे गरीब ठरत नाहीत.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना रोजगारात असूनही दारिद्र्यरेषेखालील कुटुंबात राहणाऱ्या व्यक्तींची गणना स्वतंत्रपणे करते. अमेरिकेत युनायटेड वे या संस्थेने २००९ मध्ये न्यू जर्सी राज्यातील एका परगण्यापासून ‘अ‍ॅलिस’ या नावाने अशा कुटुंबांचा अभ्यास सुरू केला. मालमत्ता तुटपुंजी, उत्पन्न मर्यादित, पण रोजगार असलेली कुटुंबे असा या संक्षेपाचा आशय आहे. दारिद्र्यरेषेच्या वर असूनही घरभाडे, जेवण, प्रवास आणि औषधोपचार एकाच वेळी न परवडणाऱ्या कुटुंबांचा या पद्धतीत स्वतंत्र गट मानला जातो. भारतात असा अधिकृत गट नाही. मात्र दारिद्र्यरेषा आणि गरजाधिष्ठित किमान वेतन यांचे आकडे शेजारी ठेवल्यास हा वर्ग सहज दिसतो.

मोजमाप : दारिद्र्यरेषा आणि गरजेची रेषा

भारतातील दारिद्र्याच्या मोजमापात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे कार्य मूलभूत मानले जाते. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्याविषयीचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. दररोज दरडोई २,२५० उष्मांक मिळतील इतका खर्च करण्याची क्षमता हा त्यांचा निकष होता. पुढे नेमलेल्या तज्ज्ञ समित्यांपैकी सुरेश तेंडुलकर समितीची पद्धत सर्वाधिक चर्चिली गेली. या पद्धतीनुसार २०११-१२ मध्ये महाराष्ट्रासाठी दारिद्र्यरेषा ग्रामीण भागात दरडोई दरमहा ९६७ रुपये व शहरी भागात १,१२६ रुपये होती आणि राज्यातील १७.३५ टक्के लोकसंख्या तिच्याखाली होती. पाच माणसांच्या शहरी कुटुंबाला महिन्याला ५,६३० रुपयांहून थोडा अधिक खर्च करता आला, तर ते गरीब गणले जात नसे.

वेतन किती असावे, याचा विचार मात्र वेगळ्या मार्गाने झाला. १९५७ मध्ये भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष ठरवले. एका कमावत्या व्यक्तीमागे तीन उपभोग घटक, प्रत्येक प्रौढ घटकास २,७०० उष्मांक, कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी २० टक्के, असे त्यांचे स्वरूप होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, वृद्धापकाळ इत्यादींसाठी २५ टक्क्यांची भर घातली. केंद्र शासनाने नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने २०१९ मध्ये हे निकष सुधारून जुलै २०१८ च्या किमतींनुसार दररोज ३७५ रुपये, म्हणजे महिना ९,७५० रुपये, इतके राष्ट्रीय किमान वेतन सुचवले. शहरी कामगारांसाठी घरभाड्याचा वेगळा भत्ताही सुचवला होता. त्याआधी जून २०१७ पासून केंद्राने ठरवलेला राष्ट्रीय किमान वेतनस्तर दिवसाला १७६ रुपये, म्हणजे या शिफारशीच्या निम्म्याहूनही कमी होता.

दोन्ही आकडे वेगवेगळ्या वर्षांचे असल्याने त्यांची थेट तुलना करता येत नाही. तरीही समितीच्या हिशेबाने कुटुंबाला वर्षाला किमान १,१७,००० रुपये लागतात, ही गोष्ट पुढील उत्पन्नमर्यादा समजून घेताना उपयोगी पडते.

उत्पन्नमर्यादांचा गुंता

महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळी, केशरी व पांढरी अशी तीन रंगांची शिधापत्रिका आहे. वार्षिक १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असल्यास पिवळी, त्याहून अधिक पण एक लाखापर्यंत केशरी आणि त्यापुढे पांढरी, अशी मूळ विभागणी होती. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम राज्यात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्या वेळी प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० रुपये व शहरी भागात ५९,००० रुपये ठेवण्यात आली. ४४,००० रुपये म्हणजे संपूर्ण कुटुंबाला दिवसाकाठी सुमारे १२० रुपये. पाच माणसांच्या ग्रामीण कुटुंबासाठी तेंडुलकर दारिद्र्यरेषेचा वार्षिक हिशेब ५८,०२० रुपये होतो. म्हणजे ही मर्यादा २०११-१२ च्या दारिद्र्यरेषेहूनही खाली आहे. नवरा-बायको दोघेही वर्षभर मजुरीला जाऊ लागले, की कागदोपत्री ते धान्याच्या हक्काबाहेर जातात.

प्रत्यक्षात मर्यादेची अंमलबजावणी इतकी काटेकोर होत नाही. राज्याच्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के व शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के लोकांना लाभ द्यावयाचा असे प्रमाण ठरलेले असून त्यानुसार प्रत्येक तालुक्याला व दुकानाला इष्टांक दिला जातो. इष्टांक भरलेला असल्यास पात्र कुटुंबालाही जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागते. विभक्त झालेल्या मुलाचे नवे कुटुंब, कामासाठी दुसऱ्या तालुक्यातून आलेले कुटुंब किंवा विधवा होऊन माहेरी परतलेली स्त्री यांना या अडचणीला अनेकदा तोंड द्यावे लागते.

प्रत्येक योजनेची उत्पन्नमर्यादा निराळी असल्याने एकच कुटुंब एका कार्यालयात गरजू आणि दुसऱ्या कार्यालयात सधन ठरते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावे लागते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाख रुपये असून पात्र महिलेस दरमहा १,५०० रुपये दिले जातात. तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यावरील आकडा त्यामुळे वस्तुस्थितीपेक्षा योजनेच्या मर्यादेकडे पाहून सांगितला जाण्याची प्रवृत्ती वाढते आणि खऱ्या उत्पन्नाची विश्वासार्ह नोंद कोठेच राहत नाही.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. रब्बी ज्वारी हे येथील परंपरागत पीक. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर कालव्याच्या व जलाशयाच्या कडेने उसाचे क्षेत्र झपाट्याने वाढले आणि राज्यातील सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरची गणना होऊ लागली. पाणी न पोचलेली गावे मात्र कोरडवाहूच राहिली. सोलापूर शहर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कापडगिरण्यांचे केंद्र होते. या गिरण्या आणि हातमाग यांच्या ओढीने आजच्या तेलंगणातून तेलुगू भाषक पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने येथे स्थायिक झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकेक करून बंद पडल्या. कायम नोकरी, भविष्य निर्वाह निधी आणि महिन्याचा ठरलेला पगार असलेला कामगारवर्ग त्यामुळे आकसला व यंत्रमाग आणि विडी हे दोनच मोठे आधार उरले. पूर्व भागातील अनेक घरांत पुरुष यंत्रमागावर व स्त्रिया विडीवर, अशी विभागणी पडली.

विडी कामगार

विडीच्या धंद्यात कामगार कारखान्याच्या शाखेतून तेंदूची पाने, तंबाखू व दोरा घेऊन घरी जाते. पाने भिजवणे, साच्याच्या मापाने कात्रीने कापणे, तंबाखू भरून वळणे, टोके मुडपणे आणि दोरा बांधणे ही कामे ती करते. मुलीही हाताशी असतात. पंचवीस विड्यांचा कट्टा बांधून माल दुसऱ्या दिवशी शाखेत जमा होतो. मजुरी हजार विड्यांवर ठरते. हजार विड्या होण्यास कुशल हातालाही सारा दिवस लागतो आणि घरकाम करीत वळणाऱ्या स्त्रीला रात्रही पुरत नाही.

दर कमी असणे ही या कामातील एक अडचण आहे. उत्पन्न कमी होण्याचे इतर मार्ग बाहेरून दिसत नाहीत. दिलेल्या पानांत फाटकी, वाळकी पाने निघाल्यास हजाराचा आकडा भरण्यासाठी कामगाराला पदरच्या पैशाने पाने विकत घ्यावी लागतात. जमा केलेल्या मालातून काही विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या जातात व त्यांची मजुरी मिळत नाही. आठवड्यात किती दिवस पाने मिळतील हेही शाखा ठरवते. त्यामुळे किमान वेतनाचा जाहीर दर आणि हातात पडणारी रक्कम यांत कायम अंतर राहते.

घरी बसून काम करणारी स्त्री कामगार आहे की स्वतंत्र व्यावसायिक, हा प्रश्न या उद्योगात दीर्घकाळ वादाचा होता. विडी व सिगार कामगार (रोजगाराच्या अटी) अधिनियम, १९६६ याने घरकामगारास कायद्याच्या कक्षेत आणले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये मंगलोर गणेश बीडी वर्क्स खटल्यात हा अधिनियम वैध ठरवला. पी. एम. पटेल खटल्यात १९८५ मध्ये अशा कामगारांना भविष्य निर्वाह निधीचा हक्क असल्याचे याच न्यायालयाने मान्य केले. १९७६ च्या दोन अधिनियमांनी विड्यांवर उपकर लावून कल्याण निधी उभारला. त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या व घरबांधणीस साहाय्य मिळू लागले. या सर्व लाभांची किल्ली म्हणजे ओळखपत्र. ज्या स्त्रीचे नाव शाखेच्या पटावर नाही आणि जी दुसऱ्याच्या नावावर विड्या वळते, तिच्यापर्यंत यांतील काहीच पोचत नाही. वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा, २०१७ मध्ये, हा उपकर रद्द झाला व कल्याण योजनांचा खर्च अर्थसंकल्पावर अवलंबून राहिला.

विडीविषयी एक पेच कायम आहे. तंबाखूच्या धुरळ्यात बसून केलेल्या या कामाने खोकला, दमा, पाठ व डोळ्यांचे विकार जडतात. विडी ओढणाऱ्याच्या आरोग्यासाठी करवाढ व निर्बंध योग्य ठरतात, पण खप घटला की पहिली झळ मालकाऐवजी पाने कमी मिळणाऱ्या स्त्रीला बसते. पर्यायी रोजगाराची तजवीज निर्बंधांच्या गतीने झालेली नाही.

ऊसतोडणी

साखर हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीड, अहिल्यानगर व मराठवाड्याच्या अन्य भागांतून, तसेच जिल्ह्यातील कोरडवाहू गावांतूनही तोडणी कामगार कारखान्यांच्या परिसरात येतात. नवरा-बायकोची जोडी एक ‘कोयता’ धरली जाते. हंगामापूर्वी मुकादम या कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. लग्न, दवाखाना किंवा आधीचे देणे यांत ती हंगाम सुरू होण्याआधीच संपते आणि पुढचे सहा महिने काम करून ती फेडली जाते. तोडणी टनावर मोजली जाते. काम चुकले तर खाडा पडतो व त्याचा दंड उचलीत वाढतो. हंगाम लवकर आटोपला किंवा पावसाने ऊसच कमी असला, तर फिटलेली नसलेली उचल पुढच्या वर्षावर जाते.

खाड्याच्या भीतीने आजारपण अंगावर काढले जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचे प्रमाण २०१९ मध्ये चर्चेत आले, तेव्हा राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. तोडणीच्या दराबाबत जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार व पंकजा मुंडे यांच्या लवादात ३४ टक्के वाढ मान्य झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले असून कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे घेतलेली रक्कम हा त्याच्या निधीचा एक स्रोत आहे. मुलांसाठी पूर्वी साखरशाळा चालत. नंतर मुलांना गावीच ठेवून घेणाऱ्या हंगामी वसतिगृहांवर भर देण्यात आला.

केम

केम हे करमाळा तालुक्यातील गाव मध्य रेल्वेच्या दौंड-सोलापूर मार्गावर, जेऊर व कुर्डुवाडी यांच्या दरम्यान वसले आहे. कुंकवाच्या उत्पादनासाठी ते महाराष्ट्रभर ओळखले जाते. हळदीवर लिंबाचा रस, टाकणखार आदींची प्रक्रिया करून कुंकू तयार करण्याची पद्धत जुनी आहे; स्वस्त मालात पिठाची भुकटी व रंग वापरला जातो. दळणे, चाळणे, रंगवणे, वाळवणे आणि पुड्या भरणे अशी या व्यवसायातील कामे आहेत.

कुंकवाची मागणी वारी, नवरात्र, लग्नसराई व यात्रा यांच्याभोवती वाढते आणि एरवी मंदावते. त्यामुळे अशा गावातील कुटुंबाचे वर्ष एका कामावर निघत नाही. सुगीत ज्वारीची काढणी, मधल्या काळात खुरपणी, मागणी असेल तेव्हा कारखान्यात मजुरी, एखादा मुलगा रेल्वेने बाहेरगावी कामाला, असे तुकडे जोडून घर चालते. यांतील कोणतेही काम कुटुंबप्रमुखाचा ‘व्यवसाय’ म्हणून ठामपणे नोंदवता येत नाही आणि प्रत्येक योजनेच्या अर्जात मात्र तो रकाना असतो.

छोट्या उद्योगांतील मजुरांची दुसरी अडचण कायद्यातील संख्येच्या मर्यादेची आहे. कर्मचारी राज्य विमा योजना दहा किंवा अधिक आणि भविष्य निर्वाह निधी वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. घरगुती स्वरूपाच्या किंवा चार-सहा माणसांच्या उद्योगातील मजूर या दोन्हींच्या बाहेर राहतो. किमान वेतनाचा कायदा त्याला लागू असतो. तपासणी मात्र क्वचित होते.

घरखर्च आणि कर्ज

मजुरी दिवसावर किंवा नगावर मिळते, तर मोठे खर्च एकरकमी येतात. श्रमिक दारिद्र्याचे चक्र मुख्यतः या विसंगतीतून फिरते. शिधापत्रिकेवर प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. प्रौढ कष्टकऱ्याच्या धान्याची साधारण निम्मी गरज त्यातून भागते. डाळ, तेल, भाजी, दूध आणि गॅसचे सिलिंडर बाजारभावानेच घ्यावे लागते. ज्वारी ही सोलापूरची परंपरागत भाकरी. आता ती शिधावाटपातील गव्हापेक्षा महाग पडते आणि गरिबाच्या ताटातून मागे सरते आहे, हा बदल लक्षणीय आहे.

औषधोपचारात शस्त्रक्रियांसाठी आधार आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. तिचेच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रूपांतर झाले. मात्र रुग्णालयात दाखल न होता घ्यावयाची रोजची औषधे, तपासण्या, जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावरच राहतो. मधुमेह, रक्तदाब किंवा दमा असलेल्या घरात हा खर्च दरमहाचा असतो.

तूट भरून काढण्यासाठी बचत गट, भिशी, सूक्ष्म वित्त कंपन्यांचे आठवडी हप्ते, सोने गहाण ठेवणे आणि खासगी सावकार असे मार्ग अवलंबले जातात. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून तारण कर्जावर वर्षाला १५ टक्के व विनातारण कर्जावर १८ टक्के याहून अधिक व्याज घेता येत नाही. बेकायदा व्यवहारात महिन्याला शेकडा तीन रुपये हा दर असला, तरी तो वर्षाला ३६ टक्के, म्हणजे कायदेशीर कमाल दराच्या दुप्पट होतो. तारण व कागदपत्रे नसलेल्याला बँकेपेक्षा सावकार जवळचा वाटतो, याचे कारण व्याजदरात नसून पैसे त्याच दिवशी मिळण्यात आहे.

रोजगार हमी

काम मागणाऱ्यास काम देण्याची कायदेशीर हमी ही महाराष्ट्राची महत्त्वाची देणगी मानली जाते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामे निघाली. त्यांत सोलापूर जिल्हा अग्रभागी होरपळला होता. रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला व शहरी नोकरदारांवरील व्यवसाय कर हा त्याच्या निधीचा प्रमुख आधार ठरला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने कुटुंबास वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. ही हमी ग्रामीण भागापुरती असल्याने शहरातील विडी कामगार व यंत्रमाग कामगार तिच्या बाहेर राहिले.

निवारा

सोलापुरातील कष्टकऱ्यांच्या चळवळीत घराचा प्रश्न विशेष गाजला, कारण विडी कामगाराचे घर हेच तिचे कामाचे ठिकाण असते. एका खोलीत पाने, तंबाखू, चूल आणि मुले एकत्र असणे हे चित्र सर्वत्र होते. माकपचे माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने शहराजवळील कुंभारी येथे महिला विडी कामगारांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेमार्फत १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. स्वातंत्र्यसैनिक व आदिवासींच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांचे नाव तिला देण्यात आले. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे वितरण झाले. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प हाती घेण्यात आला. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरा वेचक, बांधकाम मजूर व शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया हे त्याचे सभासद आहेत. २०१९ मध्ये पायाभरणी झाल्यानंतर १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्यांपैकी १५,००० घरे लाभार्थ्यांना देण्यात आली.